तुझी वीस पावलं

शनिवारी सकाळी सात वाजता मी ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये लिंकन रोडच्या बाजूने शिरायचे, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत पाच डबे असायचे. घट्ट झाकणाचे, आपण प्रवासात चिवडा नेतो तसले. प्रत्येक डब्यात एकात एक घातलेल्या दोन झिपच्या पिशव्या, आणि त्यांत एक छोटी वही, शाईचा पॅड नि खोडरबरावर कोरलेला एक शिक्का. दहा वाजता मुलं यायची. त्याआधी पाचही डबे लपवायचे, मुलांनी दिवसभर ते शोधायचे आणि संध्याकाळी मी ते गोळा करून घरी न्यायचे. मुलांना निसर्गाची ओळख करून देणाऱ्या एका लहानशा उपक्रमात मी पाच वर्षं अर्धवेळ मदतनीस होते. एप्रिल ते ऑक्टोबर, दर महिन्याचा एक शनिवार ‘लेटरबॉक्स’चा.

हा खेळ मूळचा इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडचा. तिथे डार्टमूर नावाचं विस्तीर्ण माळरान आहे. खडकाळ टेकड्या, दलदल आणि धुकं. 1854 मध्ये चागफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने माळाच्या आत, क्रॅनमियर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. तिथवर पायपीट करून पोचणाऱ्याने आपलं नावाचं कार्ड तीत टाकायचं. पुढे लोक पत्ते लिहिलेली पत्रंही तिथे ठेवू लागले. मागून येणारा ती पत्रं उचलून नेई आणि टपालात टाकी. लेटरबॉक्स हे नाव पडलं ते त्यामुळे. नंतर शिक्के आले. शोधणाऱ्याने आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा आणि डब्यातला शिक्का आपल्या वहीत. अमेरिकेत हा खेळ फोफावला तो 1998 मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकात त्याच्यावर लेख आला त्यानंतर. दोनच वर्षांनी उपग्रहाच्या आकड्यांवरून डबे शोधायचा जिओकॅशिंगचा खेळ निघाला आणि जगभर गेला. लेटरबॉक्समध्ये मात्र आकडे नसतात, खुणा असतात. कुणीतरी शब्दांत लिहून ठेवलेल्या. ते शब्द लिहायचं काम माझ्याकडे होतं.

मला ते सोपं वाटलं होतं. लहानपणी सांगलीला आमच्या वाड्यात सुट्टीत डबा ऐसपैस रंगायचा, चिठ्ठ्या लपवून खजिना शोधायचा खेळ मीच मांडायचे. आपल्याला लपवता येतं, अशी माझी खात्री होती.

पहिल्या एप्रिलमध्ये मी खुणा लिहिल्या त्या दहा दिवस आधी. ‘पांढऱ्या फुलांनी भरलेल्या झाडापासून पाण्याच्या दिशेने वीस पावलं चाला’ ही पहिली खूण. शनिवार उजाडेपर्यंत दोन दिवस पाऊस पडून गेला होता. झाडावर एक फूल उरलं नव्हतं. ज्यांना तरीही झाड ओळखता आलं त्यांची मुलं वीस पावलं मोजून थांबली, ती डब्याच्या पुष्कळ अलीकडे. कारण वीस पावलं माझी होती. तिसरा डबा दगडी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला होता. खाली तीन बाबागाड्या अडकल्या. त्यांतल्या एका आईने गाडीतलं बाळ कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने थोरल्याला धरलं आणि अर्ध्यातून परत फिरली. चौथा डबा मी झाडाच्या बेचक्यात ठेवला होता, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. सहा वर्षांची एक मुलगी बरोबर त्याच्याखाली उभी राहून आजूबाजूचा पाचोळा उचकत होती. तिच्या वडिलांना डबा दिसला आणि त्यांनी तो काढून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला नाही. “इथे काही नव्हतंच,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खरंच काही नव्हतं.

त्या संध्याकाळी डबे गोळा करताना माझी वरिष्ठ बाई बरोबर होती. पस्तिशीची, मितभाषी. तिने मला बोल लावला नाही. एवढंच म्हणाली, “पुढच्या वेळी वाट गुडघ्यांवर चालून बघ.”

मी ते शब्दशः केलं. मे महिन्याच्या आधी एका मंगळवारी शेजारणीची बाबागाडी मागून घेतली, तिच्यात दहा किलो तांदळाची गोणी बसवली आणि ठरवलेली सगळी वाट ढकलत चालले. कुठे चाक रुतलं, कुठे चढ लागला, कुठे फरशी उचकटली होती ते वहीत लिहिलं. मग प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून पाहिलं. सहा वर्षांच्या मुलाला काय दिसतं? झाडाचा शेंडा दिसत नाही, मुळं दिसतात. पाटीवरची अक्षरं दिसत नाहीत, पाटीच्या खांबाचा गंज दिसतो. बाकाची पाठ दिसत नाही, बाकाची खालची बाजू दिसते. त्या बागेत मी वर्षभर येत होते, पण गुडघ्याच्या उंचीवर दुसरीच एक बाग होती.

प्रॉस्पेक्ट पार्क आहे 526 एकरांचं. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या जोडीने मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कनंतर ते आखलं आणि काम चालू असतानाच 1867 मध्ये ते लोकांना खुलं झालं. एवढ्या पसाऱ्यात लहान मुलांची वाट आखायची म्हणजे आधी बरंच सोडून द्यावं लागतं. मी लिंकन रोडजवळचा कोपरा धरला. भुयारी गाडीचं स्टेशन जवळ, शौचालय जवळ, वाट बहुतेक सपाट. शिवाय थोड्याशा चालण्यात तिथे पाहण्यासारखं केवढं तरी आहे.

तिथे ललवॉटर नावाच्या संथ पाण्याच्या काठी पांढरंशुभ्र बोटहाउस आहे, 1905 मधलं. 1964 मध्ये ते पाडायला निघाले होते. लोक आडवे आले म्हणून वाचलं. त्याच्यासाठी मी खूण लिहिली ती पाण्यातल्या प्रतिबिंबावरून, कारण मुलं इमारतीआधी बदकांकडे धावतात आणि बदकांच्या मागेच ते प्रतिबिंब हलत असतं. थोडं पुढे क्लेफ्ट रिज स्पॅन नावाचा पूल आहे. 1872 चा, साच्यात ओतलेल्या नक्षीदार काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बांधलेला. त्याच्या पोटातून पायवाट जाते. तिथे कुणी पाटी वाचत नाही, सगळे ओरडून बघतात. म्हणून तिथली खूण होती, ‘आपलं नाव मोठ्याने घ्या. जिथे ते परत येईल, तिथून मागे वळा.’ दिवसभर त्या बोगद्यातून पोरांची नावं ऐकू यायची.

पण माझ्या वाटेचा जीव होता तो कँपरडाउन एल्म. बोटहाउसजवळ लोखंडी कुंपणात उभं असलेलं, उभं म्हणण्यापेक्षा पसरलेलं झाड. बुटकं, वेडंवाकडं, फांद्या आडव्या जाऊन मग जमिनीकडे झुकलेल्या. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळच्या कँपरडाउन हाउसच्या आवारात एकोणिसाव्या शतकात एक एल्म जमिनीसरपट वाढताना सापडला. तो वर जायलाच तयार नव्हता. त्याची फांदी सरळ वाढणाऱ्या एल्मच्या खोडावर बांधली आणि ही जात निघाली. जगात जिथे कुठे कँपरडाउन एल्म आहे तो त्या एका झाडाच्या कलमांतून आलेला. आपल्या हापूसला जशी कोय रुजवून खात्री नाही, कलमच बांधावं लागतं, तसंच हे. प्रॉस्पेक्ट पार्कातलं झाड लागलं 1872 मध्ये. शंभरीला येईपर्यंत ते पोखरलं गेलं होतं, पडायच्या बेतात होतं. तेव्हा ब्रुकलिनमध्ये अनेक वर्षं राहिलेल्या कवयित्री मॅरिअन मूर यांनी 1967 मध्ये त्याच्यावर कविता लिहिली. लोकांचं लक्ष गेलं, पैसा उभा राहिला, झाडावर उपचार झाले. आजही त्याच्या फांद्यांना तारांचा आधार दिसतो.

हे सगळं सहा वर्षांच्या मुलाला सांगायचं कसं? सांगायचंच नाही. मी खुणेत झाडाचं नाव घातलं नाही, साल घातलं नाही. लिहिलं एवढंच: ‘एक झाड आहे, त्याला वर जायचं नाही. त्याच्या फांद्यांना कुणीतरी हात दिला आहे. तो हात शोधा आणि तो दाखवेल त्या बाजूच्या बाकाखाली बघा.’ मुलं कुंपणाला नाक लावून उभी राहायची. कुणीतरी ओरडायचं, “तार! तार आहे!” मग आपसूक विचारायची, “तार का बांधलीय?” आता सांगायला हरकत नसायची, कारण आता ती विचारत होती. खूण लिहिताना मला पहिल्यांदा हे कळलं: माहिती आधी दिली की मुलं ती ऐकून घेतात, शोधल्यावर दिली की ती आपली म्हणून घेतात.

लपवण्याचेही नियम होते, काही सांगितलेले, काही ठेच लागून शिकलेले. शहराच्या बागेत डबा ठेवायचा तर परवानगी हवी, ती उपक्रमाने घेतलेली असे. खणायचं नाही. झाडाच्या ढोलीत हात घालायला लावायचं नाही, तिथे कुणीतरी राहत असतं. कुंपणाच्या आत काही ठेवायचं नाही. तीन-तीन पानांची पॉइझन आयव्ही कुठे आहे ते दर महिन्याला नव्याने बघायचं, कारण ती वेल स्वस्थ बसत नाही आणि तिचं पान लागलं की अंगावर पुरळ येतं. डब्यात खाऊ ठेवायचा नाही, खारी झाकण कुरतडतात. आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, हा काय आहे आणि कुणाचा आहे. बेवारस डबा म्हटलं की न्यूयॉर्कमध्ये माणसं दचकतात.

एकदा जूनमध्ये दुसरा डबा जागेवरून नाहीसाच झाला. बाग झाडणाऱ्या गृहस्थांनी तो कचरा म्हणून पिशवीत टाकला होता. चूक माझी होती, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. पुढच्या महिन्यापासून सकाळी पहिला नकाशा मी त्यांना द्यायला लागले. ते जमैकाचे, वीस वर्षं त्या बागेत. नकाशा बघून ते म्हणाले, “चौथा तिथे ठेवू नकोस. दुपारी तिथे ऊन येतं, शाई वाळेल.” त्यांनी सांगितलेल्या जागी ठेवला. ते म्हणाले ते खरं होतं. त्या कोपऱ्यातलं ऊन-सावली त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तोवर त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

मुलांना स्वतःचा शिक्का हवा असे. खोडरबर कोरायचं तर कटर लागतो, तो लहानांच्या हाती देता येत नाही. मला आमच्या शाळेतले भेंडीचे ठसे आठवले. पुढच्या शनिवारी मी दोन पौंड भेंडी घेऊन गेले. आडवी चिरली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. टेबलाभोवती गर्दी झाली. फ्लॅटबुशमधली हैतीयन आई भेंडी उचलून म्हणाली, “कलालू!” केन्सिंग्टनहून आलेला बांगलादेशी मुलगा म्हणाला, “ढॅंडोश.” कुणी ओक्रा म्हणालं. मी भेंडी म्हटलं. त्या दिवशीच्या पाचही वह्या हिरव्या-निळ्या फुलांनी भरून गेल्या, आणि प्रत्येक भेंडी वेगळी असल्यामुळे प्रत्येक फूल वेगळं.

त्या बांगलादेशी मुलाबरोबर त्याची आजी होती. तो तिला नानू म्हणायचा. साठीच्या पुढची, सुती साडी, वर स्वेटर, पायात बूट. इंग्रजी खुणा वाचता येत नव्हत्या म्हणून ती मागे मागे चालत होती आणि नातू पुढे पळत होता. शेवटच्या डब्यापाशी नातू चार वेळा फिरला, त्याला काही मिळेना. नानू मागून आली, थांबली, आणि एका ओंडक्याकडे बोट दाखवलं. तिथला पाचोळा ओला होता, वरचा थर खाली आणि खालचा वर. कुणीतरी सकाळी हात लावलेला. तिला खूण नको होती, जमीन वाचता येत होती. वहीत उमटवायला तिच्याकडे शिक्का नव्हता. तिने पॅडवर अंगठा दाबला आणि वहीत ठसा उमटवला.

माझ्या घशात एकदम दाटून आलं. माझी आजी तलाठ्याकडे, बँकेत अंगठा उठवायची आणि नंतर पदराने शाई पुसत राहायची, जणू ती कुणाला दिसू नये. इथे नानूचा अंगठा पाहून सगळ्या पोरांनी आपापले अंगठे शाईत बुडवले. मी घरी जाऊन ते मनाशी घोळवत बसले: निरक्षर बाईच्या अंगठ्याला इथे मान मिळाला.

पुढच्या महिन्यात मी खुणांबरोबर चित्रंही काढली. तार बांधलेली फांदी, पाण्यातली कमान, बोगद्याचं उघडं तोंड. हे मी नानूसाठी केलं होतं. ती आली, या वेळी नातवाच्या पुढे चालली, पहिला डबा तिनेच काढला. मग तिने वही मांडीवर घेतली, माझ्याकडे पेन मागितलं आणि वळणदार बांगला अक्षरांत चार ओळी लिहिल्या. नातवाने सांगितलं, “नानू शाळेत बाई होती. आमच्या गावात.” मी तिला निरक्षर ठरवून मोकळी झाले होते. तिला इंग्रजी येत नव्हतं, बस्स. अंगठा उमटवला तो शिक्का नव्हता म्हणून, आणि मौज वाटली म्हणून. मी फुलांच्या बाबतीत, पावलांच्या बाबतीत जी चूक केली होती तीच माणसाच्या बाबतीत केली होती. माझ्या जागेवरून जे दिसलं तेच खरं धरलं होतं. त्यानंतर दर महिन्याला खुणांची बांगला प्रत नानूच लिहायची. हैतीयन क्रेओलमधली भेंडीवाल्या आईने करून दिली.

पाच वर्षांत मी शंभरावर खुणा लिहिल्या असतील. हळूहळू हात बसला. फुलांवरून खूण बांधायची नाही, खोडावरून बांधायची. ‘डावीकडे’ लिहायचं तर आधी तोंड कुठे करायचं ते लिहायचं. मोजायला पावलं द्यायची नाहीत, बाक द्यायचे, दिव्याचे खांब द्यायचे, कारण ते सगळ्यांना सारखेच मोजता येतात. पहिला डबा सर्वांत सोपा, म्हणजे घाबरट मुलाला धीर येतो. अवघड डबा शेवटून दुसरा, शेवटचा पुन्हा सोपा, म्हणजे दमलेलं मूल हरल्यासारखं घरी जात नाही. लपंडावात लपणाऱ्याला वाटत असतं की आपण सापडू नये. इथे उलट. डबा संध्याकाळपर्यंत कुणालाच मिळाला नाही तर तो माझा पराभव असे. लपवायचं ते सापडावं म्हणून, पण शोधल्याशिवाय नाही. या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद असते, आणि प्रत्येक मुलासाठी वेगळी.

शेवटच्या वर्षी, ऑक्टोबरच्या शनिवारी, माझा उजवा गुडघा सुजलेला होता. डबे लपवताना वाकता येत नव्हतं, बाकांचा आधार घेत घेत मी काम उरकलं. मी ही नोकरी सोडते आहे हे मुलांना कळलं होतं. दुपारी पहिल्या वर्षीची ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ‘इथे काही नव्हतंच’ म्हणणारी. आता ती दहा वर्षांची होती. बरोबर धाकटा भाऊ, पाच वर्षांचा. तिने माझ्या हातात घडी केलेला कागद दिला.

“आम्ही एक डबा लपवलाय. तुझ्यासाठी.”

कागदावर बोटहाउसचं चित्र होतं, एल्मचं होतं, तारा अगदी नीट काढलेल्या. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘झाडाकडे पाठ कर. मग सरळ चाल. तुझी वीस पावलं. माझी चोवीस. याची पस्तीस. वाकावं लागणार नाही.’

“तुला माझी पावलं कशी कळली?” मी विचारलं.

“सकाळी तू डबे लपवत होतीस ना, तेव्हा आम्ही मागून मोजली,” भाऊ म्हणाला. बहिणीने त्याला कोपराने ढोसलं.

मी झाडाकडे पाठ केली आणि मोजायला लागले. पावलं त्या दिवशी नेहमीपेक्षा आखूड पडत होती, गुडघ्यामुळे. एकोणीस, वीस. समोर बाक होता. डबा बाकाच्या हातावर ठेवला होता, वर दोन मोठी पिवळी पानं झाकून. माझा हात जिथे सहज पोचेल, बरोबर तिथे.